मीटरमागची दुमडलेली टेप

पोरांनो, मी जन्मात एकही थाप मारलेली नाही. बरं, ही एक धरा. आणि परवा पाय मुरगळलाय म्हणून भांडी घासायची माझी पाळी तुमच्या काकूवर ढकलली, ती दुसरी. पण आज सांगतोय ते माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं त्यानं स्वतः मला सांगितलं, पूर्ण शुद्धीत. सांगताना त्यानं माझं मनगट असं धरलं होतं की दोन दिवस वळ गेला नाही.

तो मोठा दिवा बंद कर रे कुणीतरी. आणि तू, परवा जुनी जीप घेऊन सगळ्या गल्लीला फिरवून आणलंस ना? तू पुढे ये. ही गोष्ट खास तुझ्यासाठी आणलीय.

आमच्या दुकानांच्या ओळीत गाड्यांचं वायरिंग करणारा एक वायरमन होता. सगळे त्याला फ्यूज म्हणायचे. एक तर धंदा तो, आणि दुसरं म्हणजे माणूस फटकन उडायचा. गिऱ्हाईक म्हणालं ‘जरा बघून करा’, की हा म्हणणार, ‘मग काय डोळे मिटून करू?’ पण हात सोन्याचा. अंधारात नुसती वायर चाचपून रंग सांगतो अशी त्याची ख्याती होती. ख्याती मीच पसरवली होती, ते सोडा.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जुन्या गाड्या विकायचा. बायपासला पत्र्याचं कुंपण, आत पंधरा-वीस गाड्या, सगळ्या नटूनथटून उभ्या. त्याला पॉलिश म्हणायचे. गाडीचा पत्रा गंजून आरपार दिसला तर ‘हवा खेळती आहे’ असं सांगणारा माणूस. फ्यूज त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडायचा आणि वर्षानुवर्षं त्याच्याच गाड्यांची कामं करायचा. बायकोचा भाऊ. काय करता?

तर ह्या पॉलिशनं काय करावं? स्वतःच्या भाचीला, फ्यूजच्या एकुलत्या एक पोरीला, एक जुनी पांढरी मोठी गाडी विकली. उंच, सात माणसांची. ‘एकाच हातची आहे, फक्त बेचाळीस हजार फिरलीय, मामा फसवेल का?’ फ्यूज तेव्हा पाठदुखीनं अंथरुणात होता. जावई म्हणजे गरीब गाय. मामांनी किल्ली हातात दिली, यानं घेतली.

चार महिन्यांत त्या गाडीनं पोरीला रडवलं. रात्री उभी केली की सकाळी बॅटरी ठार. एसी लावला की हेडलाइट मंद. डावीकडच्या मागच्या दाराची काच आपोआप खाली यायची. सेंट्रल लॉक वाटेल तेव्हा खट् करून लागायचं. आणि सगळ्यात डोकं उठवणारं म्हणजे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कुणी नसलं तरी बेल्टची टिंगटिंग चालू. शेवटी जावयानं त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकला. कायमचा. गाडीला वाटलं कुणीतरी बसलंय, गप्प झाली.

पोरीचे दिवस भरले होते. डॉक्टरांनी सांगितलं, शुक्रवारी सकाळी आठला दाखल व्हा. दवाखाना आमच्या गावात, म्हणजे घाटाखाली. पोरीचं घर घाटावर. मधे सात वळणं.

‘बाबा, उद्या गाडी चालूच झाली नाही तर?’ एवढं पोरगी फोनवर म्हणाली, आणि फ्यूज उडाला. तिच्यावर नाही. तिच्यावर तो कधीच उडायचा नाही.

गुरुवार होता. नोव्हेंबरची चौदा तारीख. संध्याकाळच्या सातच्या बसनं तो हत्यारांची पिशवी घेऊन घाटावर गेला. पोरीच्या घराशेजारच्या शेडमध्ये गाडी उभी होती. त्यानं बॅटरी चार्जरला लावली, गंजलेली टर्मिनलं घासली, अर्थिंगची वायर बदलली. काम करताना तोंड चालूच.

‘नालायक! अर्थिंगला स्क्रू कुठला लावलाय बघ. लाकडाचा! कपाटाचा स्क्रू गाडीला!’

जावई टॉर्च धरून उभा होता. ‘मामा म्हणाले होते की सगळं चेक केलंय...’

‘तुझ्या मामाला मी चेक करतो. टॉर्च वर धर. माझ्या नाकात काय वायरिंग आहे?’

साडेअकराला गाडी पहिल्या हाकेत सुरू झाली. पोरगी दारात आली, कमरेवर हात ठेवून.

‘झालं ना, बाबा?’

‘ट्रायल घेतल्याशिवाय झालं म्हणायचं नाही. घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. तू झोप.’

‘मी पण येऊ? तेवढंच बरं वाटेल.’

‘अजिबात नाही.’

‘बरं. तो शेजारचा बेल्ट तेवढा काढू नका हां. टिंगटिंग डोकं खाते.’

अकरा चाळीसला तो निघाला. वस्ती संपली. मग साडेतीन किलोमीटर सपाट, दोन्ही बाजूंना माळ, मग घाट. थंडी होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी छान चालली होती, आणि त्यामुळे फ्यूजला जास्तच राग येत होता. म्हणजे अर्ध्या रात्रीत नीट होणारी गाडी चार महिने माझ्या पोरीला छळत होती? ब्रेक जरा मऊ लागला त्याला, एकदा. पण तो वायरिंगवाला. त्याचे कान वायरिंगकडे.

घाटाचं तोंड जवळ आलं. कठड्याचे पांढरे दगड दिसायला लागले. आणि गाडी मेली.

हिसका नाही, खोकला नाही. हेडलाइट, इंजिन, मीटरमधले सगळे दिवे, एकदम. गाडी आपल्या आपण धावत हळू होत गेली आणि कठड्याच्या अलीकडे थांबली. त्यानं ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता. हँडब्रेक ओढला आणि आधी फोन काढला.

पॉलिशनं तिसऱ्या वेळी उचलला. ‘भाऊजी? बारा वाजलेत हो.’

‘तुझेच वाजवणार आहे! काय विकलंस रे माझ्या पोरीला?’

‘गाडी.’

‘ही गाडी आहे? घाटाच्या तोंडाशी मेलीय. उद्या सकाळी पोट घेऊन ती यात बसणार होती!’

‘भाऊजी, लूज कनेक्शन असेल. तुम्हाला काय अवघड आहे? गाडीत तसं काहीच नाही.’

‘मग तिची बॅटरी रोज रात्री कोण खातं? तुझा बाप?’

पॉलिश काहीतरी बोलला. मधेच फोन कटला. रेंज गेली.

फ्यूजनं शिवी हासडली. डोक्याला टॉर्च बांधला, बॉनेट उघडलं. बॅटरीची एक वायर सोडवून मधे ॲमीटर लावला. सोपं काम असतं हे. गाडी बंद असताना करंट कोण खातंय ते बघायचं. मग फ्यूज एकेक करून काढायचे. ज्याला काढल्यावर काटा पडेल, तिथे चोर.

गाडी मेलेली. आत एक दिवा नाही. किल्ली त्याच्या खिशात. आणि काटा चार अँपिअरवर.

त्यानं ॲमीटरची काच ठोकून पाहिली. चार.

हेडलाइटचा फ्यूज काढला. चार. हॉर्नचा, काचांचा, एसीचा. चार. सेंट्रल लॉकचा काढला... आणि त्याच क्षणी दारं लागली.

खट्.

चारही.

‘लाग,’ फ्यूज म्हणाला. ‘लाग, तुला काय लागायचं ते. ड्रायव्हरची काच उघडी आहे माझी.’ घाबरला नव्हता तो अजून. चिडलेल्या माणसाला घाबरायला जरा उशीर लागतो.

शेवटून दुसरा फ्यूज काढला आणि काटा शून्यावर पडला. फ्यूजनं फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचं चित्र पाहिलं. मीटर. स्टिअरिंगच्या मागे काटे आणि दिवे असतात ना, तो अख्खा डबा. चोर तिथे.

आता त्याला बरं वाटलं. चोर सापडला की वायरमनला बरं वाटतं. काचेतून हात घालून दार उघडलं, आत बसला, चार स्क्रू फिरवले आणि मीटर ओढून बाहेर काढला. मागचा वायरींचा जोड सोडवला. डबा मांडीवर उलटा ठेवला. आणि टॉर्चच्या उजेडात त्याला दिसलं की हा मीटर या गाडीचा नाहीच. बाजूला खडूनं लिहिलेलं होतं, भंगारवाले लिहितात तसं. कुठल्या तरी मोडलेल्या गाडीतून काढलेला. बेचाळीस हजार फिरली होती ती मेलेली गाडी. ही किती फिरलीय ते देवाला माहीत.

‘हरामखोर,’ तो म्हणाला. मग टॉर्च जवळ नेला.

मीटरच्या मागे, एका दिव्याच्या जागेवर, काळी टेप लावलेली होती. बोटाच्या पेराएवढी. आणि तिचं एक टोक आत दुमडलेलं होतं.

आता इथे थांबा. टेप सगळेच लावतात. ब्रेकचा, एअरबॅगचा, इंजिनचा लाल दिवा जळत असला की गिऱ्हाईक बुजतं. बिघाड काढायला वेळ लागतो, दिवा झाकायला दहा मिनिटं. दिवा बिचारा सांगायला लागतो, आणि आपण सांगणाऱ्याचं तोंड बांधतो. धंद्यात चालतं म्हणे. माझं डोकं फिरतं ते ऐकून, पण चालतं.

टोक मात्र कुणी दुमडत नाही. टोक दुमडायचा एकच माणूस. त्याला तो ‘कान’ म्हणायचा. कान ठेवला की उद्या टेप काढायला सोपी. उद्या काढायचीच आहे, असं तो स्वतःला सांगायचा.

दिवा झाकायचं काम त्यानं आयुष्यात एकदाच केलं होतं. सहा वर्षांपूर्वी, पॉलिशच्या आवारात, अशाच पांढऱ्या गाडीवर. ब्रेकचा दिवा लागायचा-विझायचा. ‘सेन्सर खराब आहे हो भाऊजी, गिऱ्हाईक उगाच घाबरतं.’ फ्यूजनं टेप लावली. कान ठेवला. ती गाडी एका नर्सनं घेतली. रात्री-अपरात्री घाटावरच्या बायकांची बाळंतपणं करायला जायची ती. एकदा दुकानात आली होती. म्हणाली, ‘दादा, सगळ्या गाड्यांत किल्ली फिरवली की तो लाल दिवा क्षणभर लागतो. माझ्यात लागतच नाही.’

तो काहीतरी जोडत होता. मान वर न करता म्हणाला, ‘दिवा लागत नाही म्हणजे चांगलंच की, ताई.’

ती हसली. गेली.

तीन आठवड्यांनी तिची गाडी कठडा तोडून खाली गेली. ह्याच घाटात. पहिल्याच वळणावर.

फ्यूजनं समोर पाहिलं. पहिलं वळण शंभर पावलांवर होतं.

मग...

टिंग.

त्याला वाटलं, कानात वाजलं.

टिंग... टिंग.

मीटर त्याच्या मांडीवर. जोड सुटलेला. बॅटरीची वायर सुटलेली. मीटरचा फ्यूज काढून ठेवलेला. टिंगटिंग तरीही.

त्यानं मान वळवली नाही. नुसते डोळे वळवले.

शेजारची सीट रिकामी होती. बेल्ट लावलेला होता. पण रिकाम्या सीटवर बेल्ट कसा असतो? सपाट. पाठीला चिकटलेला. हा सपाट नव्हता. पुढे आला होता. ताणलेला. छातीपाशी गोल, पोटापाशी गोल.

आणि हलत होता. हळू. वर... खाली.

मागची डावी काच खाली यायला लागली. करंट नसलेल्या गाडीची काच. पूर्ण खाली आली. थंड हवा आत आली, आणि तिच्याबरोबर वास. दवाखान्याच्या फरशीचा. तुम्हाला माहीत आहे तो.

तो म्हणाला, ‘ताई...’

काही नाही.

‘ताई, माझी पोरगी... उद्या...’

टिंगटिंग थांबली.

त्याहून वाईट काही नव्हतं. ती शांतता. कुणीतरी उत्तराची वाट बघतंय अशी.

त्याला कळलं काय करायचं. टेपचा कान सापडला. सहा वर्षांनी. ओढला.

आणि मीटर त्याच्या हातात, एकही वायर नसलेला, लाल उजळला.

ब्रेक.

एकच दिवा. इतका लाल, की काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. फक्त स्वतःचा नाही. पण ते त्यानं मला सांगितलं नाही.

त्यानं पाय ब्रेकवर ठेवला. दाबला.

पाय जमिनीला टेकला. मधे काहीच नव्हतं.

बाहेर धावला. ब्रेक ऑइलचा डबा उघडला, बोट घातलं. कोरडा. मागे वाकून पाहिलं. डाव्या चाकामागे ब्रेकची नळी पत्र्याला घासून फाटली होती, आणि रस्त्यावर तेल. गाडी उभी होती तिथपासून मागे, जिथवर टॉर्च पोचत होता तिथवर, बारीक ओली रेघ.

शंभर पावलं पुढे गेला असता, तर उतार होता. आणि तो तिथूनच परत फिरला असता तरी सकाळ होती. पोरगी होती. पोट होतं.

आतून आवाज आला. सर्रर्र. बेल्ट आपल्या आपण सुटून जागेवर गेला.

दार उघडलं नाही. पण कुणीतरी उतरलं.

बारा सत्तेचाळीस झाले होते. चाकांखाली दगड लावले, मीटर पिशवीत टाकला आणि तो साडेतीन किलोमीटर चालत मागे आला. मागे वळून पाहिलं नाही. पिशवी मात्र त्यानं छातीशी धरली होती आणि तिच्या शिवणीतून लाल उजेड गळत होता. पोरीच्या दारात पाय ठेवला, तेव्हा विझला.

सकाळी टॅक्सी केली. पोरगी आठला दाखल झाली. बरोबर अकराला मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप. ए, सुस्कारा सोडू नकोस इतक्यात. गोष्ट संपली नाही, आणि तुझ्या जीपचा ब्रेक अजून तू बघितलेला नाहीस.

फ्यूज दवाखान्यातून तडक पॉलिशच्या आवारात गेला. पत्र्याच्या केबिनमध्ये पॉलिश काचेच्या टेबलामागे बसला होता. ‘अभिनंदन, भाऊजी! आजोबा झालात!’

फ्यूजनं मीटर टेबलावर आपटला. काचेला तडा गेला.

‘ओळख.’

‘हळू हो. काय आहे?’

‘ओळख म्हणतो ना! भंगारातून उचललास. कुणाच्या गाडीतून? सांग! त्या नर्सच्या. ज्या गाडीत ती मेली, त्या गाडीचा मीटर काढून माझ्या पोरीच्या गाडीत घातलास! का, तर किलोमीटर कमी दिसावेत म्हणून! लाज आहे का रे तुला? रक्ताची भाची आहे ती तुझी!’

‘भाऊजी, मला काय माहीत कुणाची...’

‘तुला सगळं माहीत असतं! कुठला पत्रा कुठे जोडला, कुठलं इंजिन कुठे बसवलं! ब्रेकची नळी घासलीय, दिवा ओरडून सांगत असेल, पण दिसणार कुणाला? एका बाईचा जीव घेतलास. आज माझ्या पोरीचा घेणार होतास. तू माणूस आहेस की कोण?’

त्यानं टेबलावर बुक्की मारली. पॉलिश मागे सरकला. त्याचे डोळे फ्यूजवर नव्हतेच. टेबलावर होते.

मीटर उजळला होता.

केबिनमध्ये भर दुपार. टेबलावर नुसती काच, खाली लोखंडी पाय. वायर नाही, बॅटरी नाही. ब्रेकचा दिवा लाल जळत होता, आणि मीटर असा पडला होता की उजेड पॉलिशवर नव्हे, फ्यूजच्या शर्टावर पडला होता. बरोबर खिशावर. त्या खिशात सकाळपासून, का कोण जाणे, काळ्या टेपचा तो तुकडा होता. फेकायला हात झाला नव्हता त्याचा.

पॉलिशनं मीटर एका बोटानं हळूच फिरवला. उजेड फिरला नाही.

मग पॉलिश बोलला. आवाज चढवला नाही. त्याच्या आवाजात त्या दिवशी पॉलिश नव्हतं.

‘गाडी मी विकली, भाऊजी. दोन्ही मीच विकल्या. पण तो दिवा कुणी झाकला होता?’